उटकटारी म्हणजे मिल्क थिसल नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेताच्या बांधावर गुडघाभर उंचीची, पांढरट, काटेरी झाडे उगवली असून त्यांना चेंडूसारखी गोल फुले आली आहेत. घरातील वडीलधारी माणसे त्यांना उटकटारी म्हणतात. एका चित्रफितीत हीच वनस्पती ‘मिल्क थिसल’ असल्याचे आणि तिच्या मुळाच्या काढ्याने फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणे) बरे होत असल्याचे सांगितले आहे. सासऱ्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले आहे, त्यांना हा काढा द्यावा का? शिवाय जावेचे दिवस भरत आले आहेत आणि याच मुळाचा लेप लावला की बाळंतपण सुखाने होते, असे आजेसासूबाई सांगतात, तो लावावा का?

काढा देऊ नये आणि लेपाच्या भरवशावर राहू नये, हे आधीच सांगून टाकतो. मात्र दोन्ही नकारांची कारणे अगदी वेगळी आहेत, आणि आजेसासूबाईंचे ज्ञान चित्रफितीतल्या ज्ञानापेक्षा पुष्कळच खरे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण केलेल्या वर्णनावरून बांधावरची वनस्पती उटकटारीच असावी. तिला काटेचेंडू असेही म्हणतात, हिंदीत ऊँटकटारा म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस असे आहे. हे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिले. त्यातील ‘एकिनॉप्स’ याचा अर्थच मुळी साळिंदरासारखा किंवा काटेरी जाहकासारखा दिसणारा, असा होतो. दख्खनच्या पठारावर, मुरमाड माळावर, पडीक रानात आणि गावरस्त्यांच्या कडेला पावसाळा सरला की ही झाडे नजरेत भरू लागतात. उंट ती आवडीने खातो, त्यावरून उंटकटारा हे नाव पडले असे सांगतात. गुरे मात्र सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चरून बोडक्या झालेल्या माळावरही ती तग धरून असते.

ओळख पक्की करण्यासाठी एक चेंडू हातमोजा घालून तोडावा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. लांबून ते एक फूल वाटते, पण प्रत्यक्षात तो अनेक सुट्या फुलांचा गोळा असतो. चिमट्याने त्यातले एक फूल उपटून काढले, तर तळाशी पांढऱ्या राठ केसांचा झुबका, त्यावर टोकदार छदांचे (फुलाखालच्या पानासारख्या खवल्यांचे) स्वतःचे वेगळे वेष्टन आणि त्यातून डोकावणारे पाच पाकळ्यांचे पांढुरके फूल, असा सगळा संसार एका दाण्याएवढ्या जागेत दिसतो. झेंडू किंवा सूर्यफूल यांच्यात शेकडो फुलांना मिळून एकच वेष्टन असते. उटकटारीत प्रत्येक फुलाची चूल वेगळी. हा गोळा उमलतो तोही माथ्याकडून खाली, त्यामुळे एखाद्या सकाळी वरचा भाग फुललेला आणि खालचा अजून मिटलेला, असा चेंडू पाहायला मिळतो. खोडावर कापसासारखी पांढरी लव असते. पान वरून हिरवे, खालून लोकरीसारखे पांढरे, कडा खोलवर कापलेल्या आणि प्रत्येक खंडाच्या टोकाला काटा. सह्याद्रीच्या उंच कड्यांवर आणि गडकिल्ल्यांच्या उतारांवर हिची एक मोठ्या चेंडूंची बहीण आढळते, पण ती शेताच्या बांधावर येणार नाही.

मिल्क थिसल, म्हणजे सिलीबम मॅरिअ‍ॅनम, ही मूळची भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशातली. आपल्या देशात ती जम्मू-काश्मीरच्या बाजूला आणि वायव्य हिमालयाच्या पायथ्याशी सापडते. तिचे पान रुंद, तुकतुकीत हिरवे असते आणि शिरांच्या बाजूने दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे असतात. हे पट्टे म्हणजे मेरीमातेच्या दुधाचे ओघळ, अशी ख्रिस्ती लोककथा आहे. शास्त्रीय नावातले ‘मॅरिअ‍ॅनम’ त्यावरूनच आले. फूल जांभळे असते, फांदीच्या टोकाला एकेकटे येते आणि त्याच्याखाली मागे वळलेले दणकट काटे असतात. उटकटारी, मिल्क थिसल आणि आपली रोजच्या ओळखीची करडई ही तिन्ही एकाच कुळातली, एवढेच नव्हे तर त्या कुळातल्या एकाच शाखेतली झाडे आहेत. नाते खरे आहे, पण नातेवाईक आहे म्हणून कोणी एकाचे औषध दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. घोटाळा झाला तो नावामुळे. हिंदीत लिहिणाऱ्या काहींनी मिल्क थिसललाही ऊँटकटारा म्हणायला सुरुवात केली, मग मराठीत त्याची उटकटारी झाली आणि यकृतावरची सगळी कीर्ती बांधावरच्या या झाडाला फुकट मिळाली.

यकृतावरचा जो काही परिणाम अभ्यासला गेला आहे, तो मिल्क थिसलच्या फळांचा, ज्यांना आपण बोलण्यात बिया म्हणतो. त्यांच्यात सिलीमरिन नावाचा घटकसमूह असतो आणि त्यातला सिलिबिन हा मुख्य. मुळात तो नाही, आणि उटकटारीच्या मुळात शोधण्याचा तर प्रश्नच नाही. शिवाय सिलीमरिन पाण्यात फारच थोडे विरघळते, म्हणून खऱ्या मिल्क थिसलच्या बिया उकळून केलेल्या काढ्यातही ते नाममात्र उतरते. औषधी गोळ्यांसाठी वेगळी द्रावके वापरून काढलेला, ७० ते ८० टक्के सिलीमरिन असलेला अर्क घेतात. डेथ कॅप नावाच्या विषारी अळंबीने यकृत निकामी होऊ लागते, तेव्हा युरोपातील रुग्णालयांत सिलिबिनचे इंजेक्शन शिरेतून देतात, आणि या वनस्पतीचे सर्वांत गंभीर वैद्यकीय काम हेच आहे. नेहमीच्या यकृतविकारांत मात्र चित्र बरेच फिके आहे. मद्यपानाने किंवा बी आणि सी प्रकारच्या विषाणूंनी झालेल्या यकृतविकारांवरील १८ चाचण्यांचा, म्हणजे १,०८८ रुग्णांचा, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू किंवा गुंतागुंत कमी झाल्याचे भक्कम निदर्शनास आले नाही. २०१२ साली अमेरिकेत हिपॅटायटिस सी च्या १५४ रुग्णांवर नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत सिलीमरिन २४ आठवडे वापरून पाहिले, तेव्हा यकृताच्या एन्झाइमवर नकली गोळीपेक्षा जास्त परिणाम दिसला नाही. अपाय फारसा नाही, उपकारही बेताचाच, असे माझे मत आहे, आणि मी स्वतः वनौषधी देणारा वैद्य असूनही हे मत लिहिताना मला संकोच वाटत नाही.

खरी भीती मला तिसऱ्या एका झाडाची वाटते, जे आपल्या प्रश्नात नाही, पण आपल्या शिवारात नक्की आहे. ते म्हणजे पिवळा धोतरा (पुढे नुसते ‘धोतरा’ म्हटले तरी हाच). मूळचा मेक्सिकोचा आणि खसखशीच्या कुळातला. थिसलशी त्याचे काडीचेही नाते नाही. पण पान निळसर हिरवे, काटेरी आणि शिरांवर पांढरे पट्टे ओढलेले. चित्रफितीतले मिल्क थिसलचे पान मनात ठेवून कोणी रानात शोधायला निघाला, तर उटकटारीपाशी न थांबता तो नेमका धोतऱ्यापाशी येऊन थांबतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पायांवर सूज घेऊन माझ्याकडे आले. बोट दाबले की नडगीवर खळगा पडत होता आणि दोन जिने चढल्यावर धाप लागत होती. बरोबर कागदाची पुडी होती. नदीकाठावरून स्वतः गोळा केलेले ‘मिल्क थिसलचे बी’ ते आठवडाभर रोज चमचाभर भरडून खात होते. मी पुडी बशीत ओतली. मिल्क थिसलचे बी चपटे, गुळगुळीत, सहा-सात मिलिमीटर लांब असते आणि त्याच्या टोकाला पिवळसर कडे असते. या पुडीतले दाणे मोहरीएवढे, गोल, काळपट होते. भिंगाखाली धरले तर प्रत्येकावर जाळीदार खळगे होते. मोहरी गुळगुळीत असते, धोतऱ्याचा दाणा असा जाळीचा. त्यांना मी एकही पुडी न देता त्याच दुपारी हृदयाची तपासणी होईल अशा रुग्णालयात धाडले, आणि वेळेत गेल्यामुळे ते निभावले.

धोतऱ्याच्या बियांत सँग्विनरिन नावाचे विष असते. त्याने केशवाहिन्या सैल पडतात, पायांवर सूज चढते, श्वास कोंडतो, हृदय थकते आणि काहींच्या डोळ्यांत काचबिंदू होतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली, तेव्हा सुमारे तीन हजार माणसे आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली. ओळखण्याची खूण सोपी आहे: देठ किंवा पान मोडावे, पिवळाधमक चीक आला की तो धोतरा. उटकटारीला असा चीक नसतो, आणि नावात दूध असले तरी मिल्क थिसलच्या औषधी कीर्तीचा चिकाशी काही संबंध नाही. भर म्हणून हेही सांगतो की काही ठिकाणी याच धोतऱ्याला ब्रह्मदंडी म्हणतात, तर द्रव्यगुणाचे, म्हणजे आयुर्वेदातील औषधी द्रव्यांचे, अभ्यासक ट्रायकोलेपिस नावाच्या, गुलाबी-जांभळ्या फुलांच्या, जवळजवळ बिनकाट्याच्या झाडाला ब्रह्मदंडी म्हणतात, आणि काही वैदू उटकटारीलाही तेच नाव देतात. तेव्हा कोणी ‘ब्रह्मदंडीचे चूर्ण’ हातावर ठेवले, तर त्या पुडीत तीनपैकी काय आहे हे पुडीवरून सांगता येत नाही.

काटेरी झाडांच्या या शाखेत सगळीच यकृताची मित्र असतात, असाही एक भाबडा समज आढळतो. भूमध्य सागराच्या काठी, मोरोक्को, अल्जीरिया, सिसिली या भागांत अ‍ॅट्रॅक्टिलिस गमिफेरा नावाचे असेच एक थिसलसारखे झाड आहे. त्याच्या मुळातील अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड हे द्रव्य पेशींतील ऊर्जेची देवाणघेवाण बंद पाडते आणि यकृत काही दिवसांत निकामी करते. तिथे मुलांनी गोडसर मूळ खाद्य समजून चावले किंवा घरगुती उपचार म्हणून दिले गेले, आणि त्यातून मृत्यू झाले. फार लांब कशाला जायचे, गुळवेलीसारख्या आपल्या नित्याच्या वेलीवरून २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाकडून पहिला आक्षेप आला तोच ओळखीचा: रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती? वाद कोणाच्याही बाजूने सुटो, ज्याने घरामागची वेल तोडून आणली त्याला ते उत्तर देता आले नसते.

आता उटकटारीच्या स्वतःच्या लोकौषधीकडे वळतो, कारण तिला उधारीच्या कीर्तीची गरज नाही. चवीने ती कडू-तिखट आणि गुणाने उष्ण मानतात. वापर मुख्यतः मुळाचा. लघवी अडखळत होत असल्यास, भूक मंदावल्यास, जुन्या खोकल्यात मुळाची साल विड्याच्या पानातून देण्याची पद्धत आहे. डोक्यातील उवांसाठी मुळाचे चूर्ण बाभळीच्या डिंकात कालवून केसांना लावतात, आणि गुरांच्या जखमेत किडे पडले की हेच चूर्ण जखमेत भरतात. बाहेरून करायच्या या दोन उपायांत मला अनुभवाचा अंश दिसतो. मात्र टाळूवर ओरखडे असतील तर लावू नये, आणि जखम खोल असेल तर पशुवैद्याला पर्याय नाही. गाजरगवताने अंगावर पुरळ उठणाऱ्यांनी तर हे झाड हाताळूच नये, कारण एकाच कुळामुळे एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते.

पुरुषांच्या अशक्तपणावर हे मूळ दुधातून देण्याचा प्रघात सर्वांत जास्त आहे आणि ‘शक्तिवर्धक’ पुड्यांत ते याच कारणाने जाते. गंमत अशी की प्रयोगशाळेतील कल नेमका उलट दिसतो. टेस्टोस्टेरॉन टोचून ज्या उंदरांची प्रोस्टेट ग्रंथी वाढवली होती, त्यांना या मुळाचा अर्क दिल्यावर ग्रंथीची वाढ कमी झाली. म्हणजे पुरुषसंप्रेरकाला जोर देण्याऐवजी त्याच्या कामात अडथळा आणण्याकडे याचा कल असावा. तसे असेल तर म्हाताऱ्या माणसाची लघवी अडखळते तेव्हा हे मूळ का देत, याचा उलगडा होतो. आणि मूल होत नाही म्हणून तेच मूळ घेणाऱ्या तरुणाने दोनदा विचार करावा. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे ध्यानात ठेवूनही माझ्याकडे अपत्यासाठी येणाऱ्या जोडप्यांना मी ही पुडी बंद करायला सांगतो.

विंचवाच्या दंशावर मूळ उगाळून लावतात. साध्या काळ्या विंचवाची वेदना तशीही काही तासांनी उतरते, त्यामुळे लेपाला यश मिळाल्यासारखे वाटते. लाल विंचू चावल्यावर मात्र घाम, उलट्या, हातपाय गार पडणे सुरू होते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा वापर रूढ केल्यापासून या दंशाचे मृत्यू फार कमी झाले आहेत, पण ती गोळी वेळेत पोटात जावी लागते. मूळ उगाळण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

आजेसासूबाईंचा उपाय सुईणींच्या परंपरेतला आहे आणि तो त्यांनी नीट आठवणीत ठेवला आहे. कळा सुरू झाल्या की मुळाचा लेप बेंबीखाली लावायचा किंवा मुळी कमरेला, केसांत बांधायची, आणि मूल बाहेर येताच ती तत्काळ सोडून टाकायची, नाहीतर अपाय होतो, असे सांगतात. ही शेवटची अट मला नेहमी विचार करायला लावते. मूळ सोडून टाकायला सांगणाऱ्या सुईणीला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ठाऊक होता, त्याची भीतीही ठाऊक होती; तो थांबवण्याचे साधन मात्र तिच्या हातात नव्हते. कातडीवर लावलेल्या लेपाने गर्भाशयाचे आकुंचन वाढते, याला माझ्या माहितीत कसलाही आधार नाही. लेपाने थेट अपाय होईल असे मी म्हणत नाही. आजेसासूबाईंच्या मनाला बरे वाटावे म्हणून मुळी कमरेला बांधली तरी बिघडणार नाही, फक्त ती दवाखान्यात जाताना बांधावी, दवाखान्याऐवजी बांधू नये. दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नयेत: मूळ पोटात देणे आणि ते योनिमार्गात ठेवणे. पहिल्याने गर्भावर काय परिणाम होईल ते सांगता येत नाही, आणि दुसऱ्याने जंतुसंसर्ग व इजा होते. दिवस भरत आलेले आहेत, तेव्हा १०८ क्रमांक, गटातले रक्त कोठे मिळेल ते ठिकाण आणि रात्री जाण्याचे वाहन आजच ठरवून ठेवावे.

सासऱ्यांविषयी. सोनोग्राफीत निव्वळ ‘फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण एसजीओटी व एसजीपीटी (यकृताची एन्झाइमे), साखर, कोलेस्टेरॉल या तपासण्या आणि जमल्यास फायब्रोस्कॅन करून यकृत किती घट्ट झाले आहे ते पाहावे. या विकारात आजवर सर्वांत खात्रीने उपयोगी ठरलेली गोष्ट वजन उतरवणे ही आहे: ५ टक्के वजन कमी झाले तर यकृतातली चरबी घटते आणि ७ ते १० टक्के उतरले तर सूजही कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाच्या बाबतीत हा आकडा सहा ते आठ किलोंचा येतो आणि तो सहा महिन्यांत गाठता येण्याजोगा आहे. मद्य घेत असतील तर ते पूर्ण बंद करावे. त्यांना मधुमेह असेल आणि तरीही सिलीमरिनची गोळी घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्यावी, कारण तिने रक्तातील साखर थोडी खाली येऊ शकते आणि चालू औषधाचे प्रमाण पाहावे लागते.

बांधावरचे झाड उपटण्याची गरज नाही. माझ्याकडून ओळख पक्की करून हवी असेल तर तीन छायाचित्रे पाठवावीत: उमललेला चेंडू जवळून, पानाची खालची बाजू आणि मोडलेला देठ, मोडल्यावर लगेच काढलेला. मुळाचे छायाचित्र नको; वाळलेले मूळ पाहून ही झाडे एकमेकांपासून मलाही वेगळी करता येत नाहीत.